पासपोर्टवरची तेजल

बुधवारी जन्मले म्हणून आईने ठेवलेलं 'बुधी' हे नाव मी पेपरात जाहिरात देऊन, राजपत्रात छापून आणून बदललं. तेजल झाले. मग पासपोर्टही बदलायला टाकला. पोलीस चौकशीला पाड्यावर येणार म्हणून बोईसरच्या कारखान्यात आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी हवालदाराचा फोन आला, "तुमच्या पत्त्यावर तेजल नावाचं कोणी राहत नाही म्हणतात."

मी तणतणत घर गाठलं. "कोण मेलं असं बोललं?"

आई तांदूळ पाखडत होती. "मीच. तो कोणा तेजलला शोधीत होता. मी सांगितलं, इथं तेजल नाय, माझी बुधी हाय."

अख्ख्या महाराष्ट्राला कळवलं होतं मी. आईला सांगायची तेवढी हिंमत झाली नव्हती.