सोजराबाईंच्या मिरचीचा रंग

मेहकरची महनूर लग्नांचे व्हिडिओ एडिट करून द्यायची. यंदा तिच्याकडे जरा वेगळं काम आलं. उंद्रीच्या सोजराबाईंचा बचत गट तिखट तयार करतो. बुलडाण्याच्या विक्री मेळाव्यात टीव्हीवर दाखवायला त्यांना तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. शूटिंग बायकांनीच दोन मोबाइलवर केलं होतं.

महनूरने दोन दिवस बसून सगळं नीट जुळवलं. कॉम्प्युटरवर मिरची लालभडक दिसत होती. तिने फाइल पाठवली आणि तासाभरात सोजराबाईंचा फोन आला.

“हे माही मिरची नाही, पोरी. हा तं गाजराचा कीस दिसून राह्यला.”

महनूरने तीच फाइल आपल्या मोबाइलवर उघडली. खरंच मिरची फिकट, पांढुरकी झाली होती. तिने घाईघाईने सगळ्या व्हिडिओचा उजेड कमी केला, लाल रंग वाढवला आणि फाइल पुन्हा पाठवली. आता मिरची सुधारली, पण पाकिटं भरणाऱ्या तानाबाईंचं तोंड लालबुंद झालं. गटातल्या बायका हसून हसून बेजार झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सोजराबाई मेहकरला आल्या आणि महनूरच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. महनूर लाजून म्हणाली, चूक कुठे होते तेच कळत नाही. मग तिला वाटलं, मिरची फिकटते आणि तानाबाई फिकटत नाहीत, म्हणजे दोन्ही चित्रं एका जातीची नसावीत. तिने विचारलं, “मावशी, मिरचीचं शूटिंग कोणत्या मोबाइलवर केलं?”

“सुनेच्या नव्या. तानाबाईचं माह्या जुन्या मोबाइलवर.”

तिथेच गाठ सुटली. नव्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात एचडीआर नावाची सोय चालू होती. तो उजेड आणि रंग जास्त ताणून साठवत होता. कॉम्प्युटरवर ते सांभाळलं जायचं, पण साध्या फाइलमध्ये उतरलं की फिकटायचं. महनूरने वाढवलेला लाल रंग काढून टाकला. नव्या मोबाइलचे तुकडे तेवढे साध्या रंगपद्धतीत बदलले आणि फाइल काढतानाही तीच पद्धत निवडली. या वेळी तिने आधी दहाच सेकंदांची फाइल काढली आणि ती सोजराबाईंच्या मोबाइलवर लावली.

सोजराबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. “हाव. हे माही मिरची.”

महनूरचा जीव भांड्यात पडला.

मेळाव्यात व्हिडिओ दिवसभर चालला. लोक थांबून बघत, पाकीट हातात घेऊन रंग ताडून पाहत. संध्याकाळी तानाबाईंनी महनूरला फोन करून एकच तक्रार केली, की त्यांचं लुगडं फार विटलेलं दिसतं.

“ते तं विटलेलंच होतं,” मागून सोजराबाई म्हणाल्या. महनूरला हसू आवरेना.