फार कोमेजलं

वल्लरीच्या खोलीतून येणारा तो आवाज शोभाने पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिला वाटलं, एसीचा कॉम्प्रेसर गेला. कतारमधल्या अल खोरला एसी गेला म्हणजे जीव जायची वेळ, म्हणून ती धावतच गेली. पाहते तर पोरगी पलंगावर उताणी पडून छताकडे बघतेय आणि स्पीकरमधून कोणीतरी घसा खरवडून ओरडतंय. ड्रम वाजवणाऱ्याला तर दोन ठोक्यांच्या मध्ये डुलकी लागत असावी.

"हे काय गं?"

"ब्लॅक मेटल. नॉर्वेजियन अल्बम आहे."

"मग इतकं रडतखडत का?"

"यूजुअली इट्स फास्ट. धिस वन इज स्लो." एवढं बोलून वल्लरीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिचे बाबा, सुरेश, उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. ड्रायव्हर हमीदला वाटलं, साहेबांचा डोळा लागलाय. दमलेल्या माणसाला कशाला उठवा, म्हणून सगळे उतरल्यावरही त्याने बस थोडा वेळ तशीच चालू ठेवली, एसीसकट. आता याला काय म्हणावं? माणसं चांगली असूनही कधीकधी काही उपयोग नसतो.

त्यानंतर शोभाने पदर खोचला. सुरेशला नाशिकला नेणं, दिवस करणं, परत येणं, व्हिसाची कटकट, वल्लरीच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत कंपनीचं घर राहू द्या म्हणून ऑफिसात खेटे. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. लोकांचं काय जातं म्हणायला! शोभा रडली नाही, आणि वल्लरीही रडली नाही. पण वल्लरीने बोलणंच टाकलं. 'यस', 'नो', 'लेटर', दिवसभरात एवढंच. घर जाईल, देश सुटेल, याची शोभाला फिकीर नव्हती. नवरा गेलाच, आता डोळ्यांसमोरची पोरही हातची जातेय, ही भीती तिचं काळीज कुरतडत होती.

अन् एक दिवस कणीक मळताना त्या सगळ्या गोंगाटातली एक ओळ तिला चक्क कळली. 'फार कोमे...' असं तो माणूस म्हणायचा आणि पुढचं त्याच्या घशातच अडकायचं. अडकलेलं शोभाने भरून टाकलं. फार कोमेजलं. कुठल्या मुलखातला का असेना, बोलतोय मात्र बरोबर बापडा! तिला तो आवडायलाच लागला. पोरीच्या जगात शिरायला एवढी फट पुरे, असंही तिला वाटलं.

शुक्रवारी दुपारी वल्लरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा पोळ्या लाटता लाटता शोभाने मुद्दाम आवाज जाड केला आणि गायला लागली, "फाऽऽर कोमेऽऽजलं..."

वल्लरीने ग्लास ओट्यावर आपटला. "स्टॉप इट, आई! डू यू इव्हन नो व्हॉट यू आर सिंगिंग?"

"कोमेजलं गं. फूल कोमेजतं ना, तसं. मला मराठीच वाटलं."

"इट्स नॉट मराठी! 'फार' मीन्स फादर. 'फार, कोम येम.' बाबा, घरी या. दॅट्स व्हॉट ही इज सेइंग!"

ती तरातरा खोलीत निघून गेली. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा शोभा भानावर आली. तिने गॅस बंद केला, पिठाच्या हातांनीच मुलीमागे गेली आणि कोणी बस म्हटलं नव्हतं तरी पलंगाच्या कडेला बसली. गाणं चालूच होतं.

"मग येतो का त्याचा बाप घरी?"

"नो."

"आणि त्याची आई? ती काय करते?"

"देअर इज नो मदर इन इट. तो हाका मारत राहतो, अँड देअर इज नोबडी एल्स इन द हाउस."

शोभाच्या ते वर्मी लागलं. घरात दुसरं कोणी नाही! आणि ती तर इथेच होती, भिंतीपलीकडे, कागदपत्रांत डोकं घालून. आपण लेकीसाठी घट्ट उभ्या आहोत, असं ती समजत होती. लेक मात्र समजत होती की आईला काही झालंच नाही.

'फार,' त्या माणसाने पुन्हा हाक मारली. शोभाने नवऱ्याला नावाने कधी हाक मारली नव्हती. तिच्याकडे लग्नापासूनचा एकच शब्द होता.

"अहो," ती म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, या ना घरी."

आणि सवयीने ती त्यांचं 'हं' ऐकायला थांबली. ते आलं नाही, तेव्हा तिने हंबरडा फोडला.

वल्लरी दचकून उठून बसली. आईला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने आईचा पिठाचा हात गच्च धरला, आणि दुसऱ्या हाताने स्पीकरचा आवाज वाढवला, म्हणजे दोघींचं रडणं शेजारी ऐकू जाणार नाही.