खारी आपा

मोर्शेदानं खारेपणा मोजायच्या यंत्राचं टोक पदराला पुसलं, पुन्हा तळ्याच्या पाण्यानं भरलेल्या पेल्यात बुडवलं आणि आकडा पाहिला. मग ती उठली, तळ्याचा बांध उतरून पलीकडे कोळंबी पाळायच्या घेरापाशी गेली आणि उकिडवी बसून यंत्र त्या हिरवट, खाऱ्या पाण्यात धरलं. तिथंही तोच आकडा आला. आभाळातून पडलेलं पाणी आणि भरतीबरोबर आत आलेलं पाणी यंत्राला सारखंच वाटत होतं.

"मेलं," ती स्वतःशीच म्हणाली.

मरायला त्याला आजचाच दिवस सापडला. जुम्याची नमाज सुटली की मिलादचं पठण होतं, मिलादनंतर दुआ, आणि दुआ झाली की नव्या तळ्यावरचा हातपंप दक्षिणपाड्याला खुला व्हायचा होता. बाजुआखाली गावात तळं किंवा विहीर खुली करायची म्हणजे त्याच पाण्यात खिचडी शिजवून तबारुकाचा प्रसाद म्हणून सगळ्यांना वाढायची, ही चाल बापजाद्यांपासूनची. मुसलमानांची तळी असोत नाहीतर हिंदू मंडलांची, पंगत सगळ्यांची. म्हणून खिचडीत मांस नव्हतं, भोपळा होता.

तळं गेल्या वर्षी खणलं. पावसाळ्यानं ते काठोकाठ भरलं. कडेला वाळूचा हौद बांधला, त्यातून गाळलेलं पाणी पंपाला यायचं. चैत्र लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं, आणि मग दहा दिवसांपूर्वी शेजारच्या घेरवाल्यानं भरतीच्या वेळी नदीचं पाणी आत घेतलं आणि मधला बांध पाझरला. बाया-बाप्यांनी दोन दिवस टोपल्यांनी माती टाकून तो बुजवला. तोवर तळ्यात किती खारं शिरलं, ते एक अल्ला जाणे आणि एक ते यंत्र जाणे, आणि यंत्र दुसऱ्या गावांतून आज सकाळीच परत आलं होतं. पाण्याची बाटली खुलन्याच्या प्रयोगशाळेत गेली होती, पण शुक्रवार-शनिवार सुटी, उत्तर रविवारी.

तिनं संस्थेच्या मोठ्या ऑफिसात अनीसभाईंना फोन लावला.

"यंत्र बंद पडलंय. पाणी गोड आहे की नाही, मी आज सांगू शकत नाही."

"अगं, सांगायचं कशाला? फीत कापा, फोटो पाठव. रविवारी वेगळं काही निघालं तर बघू की."

"बघू म्हणजे काय करू?"

"मोर्शेदा, तू फार ताणतेस."

तिनं फोन पिशवीत टाकला. अनीसभाई माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त इथं राहायचं नव्हतं, एवढंच.

ती मात्र नऊ वर्षं इथं राहत होती. पाच वर्षांपूर्वी तिनं याच पाड्यात खोल कूपनलिका घेतली होती. पाणी लागलं तेव्हा मशिदीच्या भोंग्यावरून तिनं स्वतः सांगितलं होतं, बिनघोर प्या, मी जबाबदार. अकरा महिने पाणी साखरेसारखं होतं. मग ते हळूहळू खारत गेलं, इतकं हळू की पिणाऱ्याला कळू नये. तिचं यंत्र तेव्हा दुसऱ्या गावांत फिरत होतं आणि पाडा तिच्या शब्दावर पाणी पीत होता. सोखिना खालाची सून लायली तेव्हा पहिलटकरीण होती. पाय सुजले, रक्तदाब चढला, सातव्या महिन्यात मूल गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाला की पाण्यानंही होतं. मोर्शेदाच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण पुढच्या महिन्यात ती पाड्यात गेली तेव्हा सोखिना खाला ओट्यावरून ओरडली, "आली गं खारी आपा!" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या दिवसापासून मोर्शेदानं ऑफिसातल्या बाटलीबंद पाण्याला हात लावला नाही. पाडा जे पितो तेच आपण प्यायचं. आता रक्तदाबाची गोळी तिलाही सुरू होती, आणि जिभेनं तर केव्हाच मान टाकली होती.

तिनं पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, घोळवलं, गिळलं. काही कळलं नाही. गोड म्हणावं तर गोड, खारं म्हणावं तर खारं.

पाड्यात दुसरी जीभ उसनी मागावी, तर तिचीही तीच गत.

बांधाखाली इद्रिस बाबुर्चीनं दोन देगी चढवल्या होत्या. तीस वर्षं त्यानं पाड्यातली लग्नं, बारशी आणि चाळिसावे जेवू घातले होते, आणि आपल्या हाताच्या चवीबद्दल कुणी ब्र काढलेला त्याला खपत नसे. सामानाची यादी त्यानंच सांगितली होती. तांदूळ, मूगडाळ, भोपळा, कांदे, मिरच्या, हळद, तेजपान, मोहरीचं तेल. मोर्शेदानं काल ती दोनदा वाचून सगळं बाजारातून आणलं होतं.

"आपा, डाळ कुठून आणलीत?" त्यानं कालथा न थांबवता विचारलं.

"बाजारातनं. का हो चाचा?"

"बघता बघता गळाली. माझी डाळ अशी कधी गळत नाही. दोन तास जाळ खाते तेव्हा कुठं नरम पडते. कुणीतरी भलतीच डाळ गळ्यात मारली तुमच्या."

"चाचा, जरा चाखून बघता का? पाण्याची चव कशी येते..."

इद्रिसनं कालथा देगीच्या काठावर आपटला.

"तोबा! दुआच्या आधी तबारुक तोंडाला लावतं का कुणी? तीस वर्षांत लावलं नाही. माझ्या हाताला कळतं सगळं."

मोर्शेदा बाजूला झाली. चालीरीतीशी वाद घालून इथं कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

नमाज सुटली तशी माणसं येऊ लागली. बायका पंपाच्या बाजूला चटयांवर बसल्या, कडेला कळशांची रांग लागली. सोखिना खाला लायलीला दंडाला धरून सावकाश घेऊन आली. लायलीला सहावा होता. सुजलेल्या पायांत चपलांचे पट्टे रुतले होते.

"काय खारी आपा," खालानं बसता बसता विचारलं, "आज काय पाजणार?"

"खाला, डॉक्टरकडं जाऊन आलात?"

"आलो की. म्हणतो, हिचं मीठ बंद करा. मी म्हटलं, साहेब, आमच्या घरात मीठ येतंच कुठं? पाणीच मीठ. आता पाणी बंद करू का पोरीचं?" खाला हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "म्हणाला, गोड पाणी शोधा. शोधतोय, म्हटलं, वीस वर्षं."

लायली खाली बघत बोटानं चटईची काडी उसवत होती. "आपा," ती हळूच म्हणाली, "हे गोड आहे ना?"

मोर्शेदाच्या घशाशी "हो" आलं. ते किती सोपं होतं! तिनं ते गिळलं आणि ती पंपाकडे चालू लागली. मौलवीसाहेबांचा मिलाद संपत आला होता. दुआसाठी हात उचलण्याआधी तिनं दोन शब्द बोलायची परवानगी मागितली.

"माझं यंत्र आज बंद पडलंय," ती म्हणाली. "बांध पाझरला तेव्हा तळ्यात खारं किती गेलं, मला माहीत नाही. खुलन्याचं उत्तर रविवारी येईल. तोवर हे पाणी गोड आहे असं मी म्हणणार नाही. मागच्या वेळी मी न बघता बोलले होते. आज तबारुक खा, पण कळशा भरू नका. भराल तर माझ्या शब्दावर भरू नका."

चटयांवर कुजबुज पसरली. मागून कुणीतरी म्हणालं, "मग बोलावलं कशाला?" दुसरा म्हणाला, "माती टाकून पाठ मोडली आमची, आणि ही म्हणते माहीत नाही." दोन-तीन कळशा वाजत उचलल्या गेल्या. सोखिना खाला मात्र नुसती मोर्शेदाकडे बघत राहिली, जशी बाजारात मासळी निरखून बघत असे.

मौलवीसाहेबांनी हात उचलले. दुआ झाली. केळीच्या पानांवर खिचडी पडू लागली, पिवळीधमक, वाफाळती, भोपळ्याच्या फोडी वर आलेली. मोर्शेदा वाढायला उभी राहिली, कारण बसून तिला घास गेला नसता.

पहिले घास तोंडात गेले, आणि पंगत गप्प झाली.

बाजुआखालीत तबारुकाची पंगत कधी गप्प नसते. जावयांची थट्टा चालते, पोरं भांडतात, म्हातारे इद्रिसकडे करपलेली खरवड मागतात. आज माणसं चावत होती आणि एकमेकांकडे चोरून बघत होती. कुणाचा हात पानावरच थांबला होता. एका म्हाताऱ्यानं घास तोंडातच धरून ठेवला होता, गिळू की नको अशा विचारात. मोर्शेदाच्या हातातलं पातेलं जड झालं. संपलं, तिला वाटलं. हेही गेलं. खारटाला सरावलेल्या जिभासुद्धा थबकाव्यात, इतकं खारं. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि पंपाचा दांडा धरून उभी राहिली.

"चाचा," शेवटी खेया मंडल म्हणाला. तो पाड्यातला नावाडी, तोंडानं फटकळ. "चाचा, राग मानू नका. पण हे काय रांधलंय?"

"काय रांधलंय म्हणजे?" इद्रिस कालथा घेऊनच पुढे आला.

"याला चवच नाही हो. आजाऱ्याची पेज परवडली."

"कुणाला चव नाही? माझ्या खिचडीला?" इद्रिसनं त्याच्याच पानातला घास उचलून तोंडात टाकला. तीस वर्षं रांधणारा माणूस, आणि त्याचा चेहरा भर पंगतीत पडला. तो पुन्हा एक घास खाऊन बघत होता, जणू दुसऱ्या घासाला तरी दया येईल. "माझं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "जसं दर वेळी करतो तसंच केलंय. हळद, मिरची, तेल, सगळं मापात..."

"आणि मीठ?" सोखिना खालानं विचारलं.

"मीठ?" इद्रिस चिडला. "मीठ कधी टाकलंय का मी? या पाड्यात खिचडीला मीठ कोण टाकतं? पाण्यातच..."

तो बोलता बोलता थांबला.

मग खेयानं पानाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, आणि तो असा हसत सुटला की शेजारच्याला आधी ठसकाच लागला वाटलं. हसू एका चटईवरून दुसऱ्या चटईवर गेलं. मघाचा म्हातारा अख्खा घास गिळून "अळणी! अळणी!" म्हणत मांडीवर थापा मारत होता. उचललेल्या कळशा पुन्हा खाली आल्या. इद्रिस बाबुर्ची अपमान विसरून देगीकडे वळला आणि म्हणाला, "म्हणूनच! गोडं पाणी, म्हणूनच डाळ गळाली मेली!"

मोर्शेदा पंपाच्या दांड्याला तशीच टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलंही नाही. दहा दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. इतका आनंद तिला कधी झाल्याचं आठवत नव्हतं.

"रविवारचं उत्तर येऊ दे तरी," ती सवयीनं म्हणाली, पण ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

"मीठ आणा रे कुणीतरी," पंगतीतून हाकारे सुरू झाले. निमाईच्या दुकानात माणूस धावला. निमाईला पुडा शोधायला बराच वेळ लागला. या बाजूला मिठाला गिऱ्हाईक नसे, आणि जो एक पुडा निघाला तो दगड झाला होता. तो वरवंट्यानं फोडला आणि एका वाटीत घालून आणला.

वाटी सोखिना खालानं घेतली. तिच्या वयाला ते शोभतही होतं. रांगेनं जात ती प्रत्येकाच्या पानाच्या कोपऱ्यात चिमूट चिमूट मीठ ठेवू लागली. खेयानं दोनदा मागितलं, तेव्हा तिनं त्याला दटावलं.

ती लायलीपाशी आली. लायलीनं पान पुढे केलं. खालाची चिमूट वाटीत गेली, भरली आणि तिथंच थांबली. तिनं सुनेच्या पायांकडे पाहिलं. मग बोटं वाटीतच झटकली आणि वाटीवर पालथा हात ठेवला.

"तुला नाही," ती म्हणाली. "तुला डॉक्टरनं बंद सांगितलंय."

लायलीनं तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि खाली वाकून खायला लागली, घाईनं, मोठे मोठे घास घेत, तशीच अळणी.

मग पंपाकडे वळून खालानं एक रिकामं पान चटईवर टाकलं.

"मोर्शेदा," ती म्हणाली, "ये, बस आता. तूसुद्धा गोळी घेतेस ना? तुलाही मीठ नाही."