हात बसेपर्यंत

हॉस्पिटलच्या धुलाईघरात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणाऱ्या वहिनीला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. चाळिशी जवळ आली तेव्हा तिने वेटलिफ्टिंग शिकायचं डोक्यात घेतलं. शिकवायला घरचंच माणूस होतं, तिची थोरली नणंद. एका गॅरेजमागच्या हॉलमध्ये वन्सं मुलींना स्पर्धांसाठी तयार करायच्या.

सुरुवातीला वहिनीने नुसत्या स्नॅचचाच पिच्छा पुरवला. बार जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायचा, पुन्हा तेच, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत बार लोण्यासारखा वर जायचा. दोन दिवसांनी मात्र ओळख दाखवायचा नाही.

"परवा येत होतं हो मला!" ती चिडली.

"येत नव्हतं. हात तापला होता, इतकंच," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी वेळापत्रकच बदललं. स्नॅच रोज, पण थोडा आणि हलका. मध्येच खांद्यावरून बार वर ढकलायचा जर्क, मग परत स्नॅच. खांद्यावर जड बार घेऊन उठाबशा, म्हणजे स्क्वॉट, आठवड्यातून दोनदाच, आणि त्यानंतरचा दिवस पूर्ण सुट्टी, स्नॅचलाही.

वहिनी मेटाकुटीला आली. हात जरा बसतोय म्हणेपर्यंत वन्सं दुसरंच काहीतरी करायला लावायच्या. सुट्टीच्या दिवशी ती घरातली कपाटं सरकवत फिरायची. नवरा म्हणायचा, "मी खुर्चीवरून उठतच नाही. उठलो तर परत येईपर्यंत खुर्ची दुसऱ्या खोलीत!"

स्पर्धा तोंडावर आली तसा तिचा धीर सुटला. अशाच एका सुट्टीला ती वन्संच्या घरातून किल्ली घेऊन गुपचूप हॉलवर गेली आणि पाय लटपटेपर्यंत स्क्वॉट मारत राहिली. दुसऱ्या दिवशी हलक्याच स्नॅचला पायांनी साथ दिली नाही. बार मागे कलला, कोपर दुखावला.

वन्संनी बर्फ लावला.

"काल आली होतीस ना इथे?"

वहिनीने मान खाली घातली. "बसवत नाही हो. रिकामी राहिले की वाटतं, सगळं निसटून चाललंय."

"निसटू दे की थोडं. निसटलेलं परत पकडताना हात शिकतो. आणि ताकद आरामात भरते. तू भरू देशील तर ना!"

वहिनीने ओठ आवळून ऐकलं. कोपर बरा झाल्यावरही सुट्टी मोडली नाही. चिडचिड मात्र साऱ्या घराने सोसली.

स्पर्धेत नाव पुकारेपर्यंत ताटकळावं लागलं. हात गार पडले. पण असं मध्येच थांबून, नव्याने बारपाशी जायची सवय तिला आता झाली होती. तिने बार धरला आणि तो सरळ वर गेला. स्नॅचचे सगळे प्रयत्न पंचांनी मान्य केले.

जर्कच्या शेवटच्या वजनाला बार खांद्यावर आला आणि तिथेच अडला. मांड्या थरथरल्या, तिने बार सोडून दिला. ती पाचवी आली.

"काय चुकलं माझं?" खाली उतरताच तिने विचारलं.

"काही नाही. अंगात तेवढी ताकद अजून आलेली नाही. तिला वेळ लागतो."

वहिनीला रडू आलं आणि रडता रडताच हलकंही वाटलं. तिने बाहीने डोळे पुसले आणि आयोजकांच्या टेबलाकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"पुढची स्पर्धा कधी आहे ते विचारते!"

"अगं, आधी पाणी तरी पी!" वन्सं ओरडल्या. पण ती टेबलाशी पोचलीसुद्धा होती.