वकीलसाहेबांची सही

आमच्या यजमानांना टाळ्यांची तहान. ठाण्यात वकिली, मिळकत बेताची, पण बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, त्यातली गत.

गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहासाठी देणग्या जाहीर होत होत्या. समोरच्या आळीतल्या वकिलाने पाचशे एक म्हटले, तसे हे ताडकन उठले आणि हजार एक म्हणाले. रीत अशी की आकडा मांडवात सांगायचा आणि पैसे दिवाळीपर्यंत सवडीने द्यायचे. यांनी तिथेच चेक फाडून दिला. मीही बायकांत बसून टाळ्या वाजवल्या. चेक कुठल्या खात्याचा, हे मला काय ठाऊक!

खाते आमचे दोघांचे, सही कुणा एकाची चाले. पैसा मात्र सगळा माझा, शाळेत मुलींना भूगोल शिकवून साठवलेला. त्यातून डोंबिवलीच्या सोसायटीत प्लॉट घ्यायचा होता. दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या हप्त्याचा चेक दिला आणि तो न वटता परत आला. सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव म्हणाले, "बाई, मुदत संपली. प्लॉट पुढच्या सभासदाला गेला."

मी तडक बँकेत गेले. एजंट, म्हणजे शाखेचे मुख्य, आमच्या यांचे पत्त्यांतले सोबती.

"बसा, वहिनी. दोन्ही चेक एकाच सकाळी आले बघा."

"माझा सातशेचा होता. खात्यात आठशे होते."

"होते ना. पण साहेबांचा चेक परत पाठवायचा म्हणजे गावात शोभा. वरचे दोनशे एक बँकेचे घालून मी तो पास केला."

"आणि माझी शोभा झाली ती?"

"तुमचं काय, घरातल्या घरात."

त्यांनी चहा मागवला. मी कपाला हात लावला नाही. सात वर्षे नवे लुगडे घेतले नव्हते मी त्या जमिनीपायी. रडू येत होते, पण या माणसासमोर रडायचे नव्हते.

"मग ते दोनशे एक साहेबांकडूनच घ्या," मी उठत म्हटले.

एजंटांनी खात्याचे पान उलटून माझ्यापुढे धरले. "त्यांच्याकडून कसे मागू, वहिनी? खात्यावर पहिलं नाव तुमचं आहे. एक तारखेला पगार झाला की या."