कोपऱ्यातला आकडा

मंगळवारी सकाळी माझी बायको त्रिकोणांची झालेली होती. मोठमोठे, सपाट त्रिकोण. गालाला दोन, कपाळाला एक. चहाचा कप तिच्या बोटांत ठरेना, कारण बोटांना गोलाई नव्हती.

"हसता येत नाही," शैलजा म्हणाली. "ओठ वळत नाहीत."

मी घाबरलो नाही. हे माझंच काम आहे. कंपनीत मी पंपाच्या आवरणावर कुठे किती ताण येतो ते संगणकावर काढतो. आवरण लहान तुकड्यांत विभागायचं, आकडे बघायचे, तुकडे आणखी बारीक करून पुन्हा बघायचं. आकडे बदलायचे थांबले, की उत्तर खरं धरायचं.

तिची काजळपेन्सिल घेऊन मी तिला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं आणि त्रिकोणांच्या कडांचे मध्य जोडत गेलो. एकाचे चार झाले. गाल थोडा गोल झाला. पुन्हा एकाचे चार. मग तिला हसता आलं; आवाजही तिचा झाला.

"झालं," मी म्हणालो.

"नाही. इथं दुखतंय."

डाव्या डोळ्याचा आतला कोपरा. मी तिथले त्रिकोण बारीक केले. दुखणं दुप्पट झालं. आणखी बारीक केले. पुन्हा दुप्पट. बाकी चेहऱ्यावर कुठेच काही बदलत नव्हतं.

"कधीपासून दुखतंय?"

"लग्नाच्या आधीपासून. मोठ्या त्रिकोणांत ते पसरून जायचं. तुम्हाला दिसायचं नाही."

मी कंपनीतल्या माझ्या इंगवले साहेबांना फोन लावला.

"मगदूम, बाकीचं स्थिरावलंय का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. एक कोपरा सोडून."

"मग तो कोपरा धारदार आहे. तिथं कितीही बारीक करा, आकडा वाढतच जाणार. सोडून द्या. रिपोर्टात त्याच्या शेजारचा आकडा घाला. सगळे तेच करतात."

मी फोन ठेवला. शैलजाने सगळं ऐकलं होतं.

"शेजारचा आकडा घालणार?"

मला घालायचा होता. तिचा चेहरा पूर्ण तिच्यासारखा दिसत होता. कोणीही बघून म्हणालं असतं, छान आहे. पण तिने माझं मनगट धरून पेन्सिल पुन्हा कोपऱ्याशी नेली.

"आता कुठं जवळ आलाय तुम्ही," ती म्हणाली.

मी रेघा काढत राहिलो. त्रिकोण पुरेनात, म्हणून ते दुसरीकडून येऊ लागले. खिडकीतून दिसणारी समोरची इमारत दोन त्रिकोणांची उरली. उघड्या दारातून जिन्यात शेजारच्या पाटीलकाकू उभ्या दिसत होत्या, त्यांचा एकच झाला; त्याच्या कडेवर तोल सांभाळत त्या म्हणाल्या, "काय हो, सगळं ठीक आहे ना?" आणि दाराबाहेर सपाट टेकून राहिल्या. मग छत खाली आलं, भिंती आत आल्या. स्वयंपाकघरातल्या सगळ्या रेघा तिच्या डोळ्याकडे वळल्या होत्या.

"बंद करूया," मी म्हणालो. "तुला सहन होत नाहीये."

"मला होतंय. तुम्हाला होत नाहीये."

खरं होतं. उजव्या हाताची बोटं एकमेकांत मिसळून सपाट झाली होती आणि पेन्सिल त्यांच्या कडेला नुसती चिकटलेली होती. मी गुडघ्यांवर बसून इतका जवळ गेलो, की शैलजा दिसेनाशी झाली. फक्त कोपरा उरला. तिथल्या दोन रेघांमध्ये पेन्सिलच्या टोकाला जागा नव्हती.

"आणखी एकदा," तिचा आवाज कुठूनतरी आला.

मी टोक टेकवलं. त्या जागेतून एक बारीक रेघ निघाली. ती मी काढलेली नव्हती. ती तिच्या गालावरून सावकाश खाली उतरली, स्टुलाच्या पायावरून फरशीवर आली, फरशी दोन बाजूंना किंचित सरकवत माझ्या गुडघ्यापाशी पोचली आणि थांबली. तिचं दुखणं माझ्या गुडघ्यात उतरू लागलं.

"हलू नका," शैलजा म्हणाली.