डाव्या हाताचा पीळ

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर मला घसा ताणावा लागेल, आणि घसा मी रविवारच्या भजनासाठी राखून ठेवते. एका माणसाची गोष्ट सांगते. मोठा माणूस नव्हे. जन्मभर त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि म्हातारपणी सरकारी जंगलात लाकडं रचली. एवढंच. पण देवाला अशी माणसं नावानिशी ठाऊक असतात, तेव्हा आपल्यालाही असायला हरकत नाही.

“आर्विल, ती फांदी नको!” आमच्या देवळातले होबर्टभाऊ, म्हणजे गोष्टीतला तो माणूस, घडीच्या खुर्चीतून ओरडले. “हिरवी आहे. धूर करेल.”

“करू दे की. डास जातील,” माझा नवरा म्हणाला.

“ऑक्टोबरात डास? तुझ्या डोक्यात असतील ते.”

आम्ही तिघं लॉरेल खोऱ्याच्या वरच्या अंगाला, जंगलखात्याचा कच्चा रस्ता जिथे संपतो तिथे, तंबू ठोकत होतो. तिथे नळ नाही, संडास नाही, नावाची पाटीसुद्धा नाही. ती जमीन कुणाची नाही, म्हणजे सगळ्यांची. ज्याला हवं त्याने यावं, राहावं, दोन आठवडे झाले की उठावं, आणि आपण आलो होतो हे कुणाला कळू नये इतकं आवरून जावं. मागे ठेवायची ती एकच वस्तू, सुकं लाकूड. कड्याच्या पोटात तिथे एक खोल कपार आहे, आम्ही तिला खडकघर म्हणतो. आधी आलेल्याने तिथे ठेवलेलं लाकूड आपण जाळायचं आणि निघताना तेवढंच फोडून मागे ठेवायचं. कुणी ठेवलं, कोण जाळणार, विचारायचं नाही. माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून आमच्या केंटकीच्या डोंगरात असंच चालत आलं आहे.

होबर्टभाऊंचं काळीज तेव्हा निम्मंच काम करत होतं. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली होती. “तिथे जिना कुठे आहे?” असं म्हणून ते आमच्या गाडीत येऊन बसले होते. खाली उतरा म्हणायची माझी छाती झाली नाही, कारण ते कशासाठी निघालेत ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. मरण्याआधी त्यांना मुलाला भेटायचं होतं.

त्यांचा लोएल वाळवंटातल्या लढाईतून परत आला तो हातीपायी धड होता. पण छताखाली त्याचा श्वास कोंडायचा. आईने, डेल्फियाने, त्याची खोली झाडूनपुसून ठेवली होती. तो निजला अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली. बर्फ पडलं तरी तिथेच. आमच्या देवळात यायचा, पण आत नाही. खिडकीपाशी बाहेर उभा राहून एल्डर ब्लेनचं प्रवचन ऐकायचा. आमचे एल्डर, म्हणजे देवळातले उपदेशक, बोलून सुरुवात करतात. मग बोलणं पुरेनासं होतं आणि ते गाऊ लागतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास असा उसळतो की ऐकणाऱ्याच्या छातीत जागा होते. खिडकीबाहेर लोएलचे ओठ हलताना मी पाहिले आहेत. मग एके दिवशी त्याने पाठपिशवी उचलली आणि जंगलात गेला. आज या खोऱ्यात, दोन आठवड्यांनी त्या.

होबर्टभाऊ एकदा खडकघरापाशी त्याची वाट बघत बसले. संध्याकाळी लोएल डोंगराच्या धारेवर दिसला. त्याने बापाची गाडी बघितली, बराच वेळ उभा राहिला आणि मागे फिरला. त्या दिवसापासून त्यांनी हाका मारणं सोडलं. लाकूड फोडलं आणि कपारीत रचलं, साल वरच्या अंगाला ठेवून, म्हणजे वरून ठिबकणारं पाणी सालीवरून ओघळून जातं. चूल पेटवायच्या चिपाट्यांची जुडी झाडाच्या सालीच्या वाखाने पीळ देऊन बांधली. शेजारी पीचच्या फोडींची बरणी ठेवली आणि घरी आले.

पुढच्या खेपेला गेले तर लाकूड जळून गेलेलं आणि जागी नवं रचलेलं. साल वर. बरणी धुऊन पालथी घातलेली. आणि जुडीच्या वाखाला उलटा पीळ. लोएल डावखुरा होता. लहानपणी बापाने समोर बसून त्याला हे शिकवलं होतं, आरशात बघून शिकावं तसं.

त्या रविवारी होबर्टभाऊ देवळाच्या पायरीवर मला म्हणाले, “ओशी, आमचं बोलणं झालं.”

अशी वर्षं गेली. डेल्फिया वारली तेव्हा त्यांनी तिच्या निळ्या चौकड्यांच्या एप्रनची पट्टी फाडून जुडीला बांधली आणि ठेवून आले. पुढच्या खेपेला लाकूड नवं होतं, पट्टी नव्हती. निरोप पोचला होता.

तर त्या ऑक्टोबरात तंबू उभा राहिल्यावर मी त्यांना हाताला धरून कपारीत नेलं. लाकूड रचलेलं होतं. साल वर. मला रडूच आलं. “होबर्टभाऊ, लोएल येऊन गेला!”

त्यांनी जुडी उचलली. बोटाने वाख चाचपला, जुडी नाकाशी धरली आणि अंगरख्याच्या खिशात घातली.

“कुणीतरी येऊन गेलं,” ते म्हणाले. “परत यायचंय. चूल गार आहे, पण यंदाची बरणी धुऊन परत ठेवलेली नाही. थांबू आपण.”

“थांबलात तर तो येणार नाही. तुम्हीच सांगितलंत ना मला?”

“या वेळी जे येईल ते गाडी बघून मागे फिरणार नाही.”

मी आर्विलकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. आजारी माणसाच्या बोलण्याचा अर्थ लावत बसू नये, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी देवाला म्हटलं, बाबा, आता तूच बघ.

दिवस बरे गेले. होबर्टभाऊ खुर्चीत बसून आर्विलला कुऱ्हाड कशी धरायची ते शिकवत आणि आर्विल मुद्दाम चुकीची धरत असे. मी घेवडा शिजवला, तव्यावर मक्याचा पाव केला, सफरचंदाच्या करंज्या तळल्या. होबर्टभाऊंनी अर्धी करंजी खाल्ली आणि उरलेली रुमालात बांधून ठेवली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी एक पांढरी व्हॅन धडपडत वर आली आणि आमच्या गाडीमागे थांबली. आतली बाई उतरेचना.

“नंबरपाटी ओहायोची दिसते,” आर्विल म्हणाला. “सपाटीवरची माणसं. चढ लागला की पाय गळतात त्यांचे.”

“गप बसा हो. वाट चुकली असेल बिचारी.” मी कॉफीचा पेला भरला आणि गेले.

पन्नाशीची बाई, आखूड कापलेले पिकले केस, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं. मला बघून ती उतरली आणि तिने मागचं दार उघडलं, बहुधा पाहुणचाराला काही द्यावं म्हणून. आत कुऱ्हाड होती आणि एका बादलीत सालीचा वाख भिजत घातलेला होता.

पेला माझ्या हातात तसाच राहिला. “बाई, हे तुला कुणी शिकवलं?”

ती माझ्या खांद्यावरून खुर्चीकडे बघत होती. “ते होबर्ट आहेत का?”

मी मान डोलावली, आणि तिने सगळं सांगितलं. तिचं नाव नेव्हा. ती ओहायोत, डेटनला, म्हाताऱ्यांच्या इस्पितळात कामाला होती. नवरा गेला, घर गेलं, तेव्हा या व्हॅनमध्ये राहत ती जंगलोजंगली हिंडली. याच जागी तिला लोएल भेटला. तो फार बोलत नसे, पण तिची चूल पेटत नव्हती तेव्हा येऊन पेटवून दिली. पुढे त्याची छाती बिघडली. तिने त्याला डेटनला नेलं. तिथेच तो गेला, मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

“बोलता येत होतं तोवर एकच मागितलं त्याने,” ती म्हणाली. “म्हणाला, बाबा लाकूड बघतात. म्हातारा आहे तोवर त्याला ते रचलेलं दिसू दे. म्हणून मी येते. रचते, जाते. ते इथे असतील असं मला काय माहीत? आता काय करू, ताई? सांगू की नको?”

आयुष्यभर इतकी प्रवचनं ऐकली, पण त्या घटकेला एक शब्द उपयोगी पडेल तर शपथ. ज्या माणसाला भेटायला हा जीव मुठीत धरून डोंगर चढला, तो वर्षापूर्वीच गेला, हे निम्म्या काळजाच्या माणसाला कुणी सांगावं? आणि न सांगावं तर त्याने वाट किती बघावी?

“ओशी!” खुर्चीतून हाक आली. “पाहुणीला उन्हात उभी काय करतेस? इकडे आण. करंजी ठेवलीय मी.”

आम्ही गेलो. होबर्टभाऊंनी तिला बसायला ओंडका दाखवला, रुमाल सोडून करंजीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि मग खिशातून ती जुडी काढली.

“ही तुझी ना?”

नेव्हाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “हो.”

“चांगली बांधलीस. साल वर, चिपाट्या बारीक, सगळं नीट. फक्त लोएलचा पीळ डावीकडे जायचा.”

आर्विलने टोपी काढली. मी विचारलं, “होबर्टभाऊ, कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“गेल्या हिवाळ्यापासून. पहिली उजव्या पिळाची जुडी हाती आली तेव्हाच कळलं.”

“मग बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? कुणीतरी एवढ्या लांबून येऊन माझ्यासाठी लाकडं फोडत होतं. मला दुःख होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होतं. त्याच्या कामात खोड कशी काढायची?” ते नेव्हाकडे वळले. “जायच्या आधी हे हात बघायचे होते मला, बाई. दुसरं काही नाही.”

नेव्हाने करंजी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते धरले. कुऱ्हाडीचे घट्टे पडलेले हात होते.

“एकटा होता?”

“नाही. मी होते.”

“छताखाली?”

“हो. पण खिडकी उघडी ठेवायला लावली त्याने. नर्स चिडली, बाहेरच्या उकाड्याने बाकीचे आजारी पडतील म्हणाली. मग मी त्याची खाट खिडकीला लावली आणि मध्ये पडदा धरून बसले.”

“आईची पट्टी?”

“मनगटाला होती. मी काढू दिली नाही. तशीच गेली त्याच्याबरोबर.”

होबर्टभाऊंनी मान डोलावली. “काही म्हणाला?”

“शेवटच्या दिवसांत बोलण्याइतका श्वास नव्हता. पण गुणगुणायचा. मला तुमची गाणी येत नाहीत. तो थांबला की मी तेच परत गुणगुणायचे, त्याला सोबत म्हणून.”

“करून दाखव.”

ती लाजली. मग डोळे मिटून तिने सूर लावला. बेसूर होता, मध्येच तुटत होता, पण तिसऱ्या वळणावर मी तो ओळखला. एल्डर ब्लेन बोलायचं सोडून गायला लागतात ना, अगदी ती पहिली चढण होती ती. शेवटी उसळणाऱ्या श्वासासकट. खिडकीबाहेर उभं राहून त्याने तेवढंच उचललं होतं आणि शेवटपर्यंत सांभाळलं होतं.

होबर्टभाऊ खुर्चीचा हात धरून उभे राहिले. आमच्यात कुणी गेलं की एक जण ओळ देतो आणि बाकीचे ती लांबवून धरतात. त्यांनी ओळ दिली. आवाज कसला, नुसती खरखर. आर्विलने आणि मी ती उचलली. नेव्हाला शब्द येत नव्हते, ती नुसता सूर धरून राहिली. खोऱ्यातून आमचंच गाणं परत येत होतं, आणि मला वाटलं, धारेवर कुणी उभं असेल तर आज मागे फिरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून लाकूड फोडलं. जुडी बांधताना नेव्हा म्हणाली, “मला डावा पीळ शिकवाल? त्याच्यासारखा?”

“नको,” होबर्टभाऊ म्हणाले. “तो त्याच्याबरोबर गेला. तू तुझाच घाल. आता इथे खोटं काही ठेवायला नको.”

निघताना चूल त्यांनी स्वतः विझवली. पाणी ओतलं, काठीने ढवळलं, परत ओतलं. मग वाकायला लागले. नेव्हाने कोपर धरलं. त्यांनी पालथा हात ओल्या राखेवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला, एखाद्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“गार आहे,” ते म्हणाले. “चला.”

सफरचंदाला मोहर येण्याआधी ते गेले. मे महिन्यातल्या स्मरणसभेत एल्डर ब्लेननी बापलेकांची नावं एका दमात गायली. त्या दिवशी देवळाच्या सगळ्या खिडक्या आम्ही उघड्या ठेवल्या होत्या. नेव्हा मधल्या बाकावर बसली होती. आता आम्ही दोघं पानगळीच्या सुमाराला वर जातो, ती तिकडून येते.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर कपारीत लाकूड असेल. जाळा, संकोच करू नका. निघताना तेवढंच फोडून ठेवा, साल वरच्या अंगाला. जुडीला पीळ कुठल्याही हाताचा चालेल. विस्तवावर पाणी ओता, ढवळा, आणि पालथा हात राखेवर ठेवा. गार लागली, की उठण्याआधी लोएलच्या बापाला एकदा आठवा.